दुखायचं थांबलं म्हणून

पालघर,
रविवार, १२ मार्च १९६७

प्रिय एकनाथ,

तुझं कार्ड काल मिळालं. चार ओळींत तू दोनदा लिहिलं आहेस की दाढ दुखायची थांबली, आता मुंबईला जायचं कारण उरलं नाही, आणि चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला वाहायला मी इथल्या सोनाराकडून चांदीचा दात घडवून घ्यावा. गेले होते रे सोनाराकडे. त्याने आजवर चांदीचे डोळे केले, पावलं केली, पाळणे केले. दात म्हटल्यावर त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, पुढचा की मागचा? मी काही न सांगता परत आले. कारण कार्डाच्या कडेला मंदाने बारीक अक्षरात काय लिहिलंय ते तू पाहिलेलं दिसत नाही. हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते, आणि तुला तोंडात खारट लागतं, असं ती लिहिते. बायकोवर चिडू नकोस, तुझ्यापेक्षा तिला जास्त कळतं.

तुझी दाढ बरी झालेली नाही, एकनाथ. ती आतून मेली आहे. गेल्या वर्षी माझ्या दाढेसाठी मी मुंबईच्या दातांच्या इस्पितळात चार फेऱ्या मारल्या, तेव्हा तू हसला होतास, उपटून टाकायची तर एवढा थाट कशाला म्हणून. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून मला सगळं समजावलं. दाताच्या आत पोकळी असते, तिथून मुळांमध्ये केसाएवढ्या वाटा उतरतात आणि त्या वाटांत नस असते. कीड तिथवर पोचली की नस सुजते. सुजायला जागा नसते, म्हणून तर ठणक्याने माणूस भिंतीवर डोकं आपटायच्या बेताला येतो. मग एक दिवस नस मरते, ठणका बंद होतो आणि आपण म्हणतो, सुटलो. इकडे मेलेलं आत कुजत राहतं आणि पू मुळाच्या टोकातून हाडात उतरतो. तुझी ती पुळी म्हणजे त्याच पुवाने बाहेर यायला शोधलेली वाट.

भितोस, ते मला ठाऊक आहे. वीजघराच्या प्रकल्पावर उंच परांचीवर चढून काम करणारा तू, सुईचं नाव काढलं की पाणी प्यायला जातोस. माझेही हातपाय गार पडले होते. पण हिरडीत इंजेक्शन दिलं, गाल जड झाला, आणि पुढचं दुखलं नाही. दाढेला वरून भोक पाडतात. मग कानशी घेतात. फिटरला कानस काय असते ते मी सांगायला नको, फक्त त्यांच्या कानशी शिवणाच्या सुईएवढ्या असतात. त्यांनी मुळातल्या वाटा घासतात, औषधाने धुतात, औषधाचा बोळा ठेवून तात्पुरतं बुजवतात आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावतात. मधे एक्स-रे काढतात. सगळं स्वच्छ झालं की रबरासारखं काहीतरी भरून वाट कायमची बंद करतात. याला ते रूट कॅनाल म्हणतात. खोटं कशाला सांगू, तोंड उघडं ठेवून जबडा भरून आला होता आणि दोन दिवस दाढ हुळहुळत होती. पण आज त्याच दाढेने मी सुके बोंबील खाते. तोवर भागीकाकूने सांगितलेला रुईचा चीक पुन्हा दाढेत घालू नकोस, हिरडी भाजून निघेल.

नवसाचं म्हणशील, तर तू बोललास ते दाढ बरी होण्यासाठी. ती अजून बरी झालेली नाही, म्हणून फेडायचंही काही नाही. देवीला हे समजतं.

आता जे लिहिते, ते अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही. आईने नवस फेडला आणि देवीने तिला नेलं, असं आपल्या पाम गावात सगळे म्हणतात. तूही म्हणतोस. तू तेव्हा अकराचा होतास. आईची दाढ महिनाभर ठणकत होती आणि तिला पालघरच्या डॉक्टरांकडे मी घेऊन आले होते, कारण घरात चिठ्ठी वाचणारी मीच. डॉक्टर मला बाजूला घेऊन, इस्पितळासाठी चिठ्ठी हातात देत म्हणाले, हिला लगेच मुंबईला न्या, ठणका थांबला तरी न्या. माझी मॅट्रिकची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. आई मुंबईला गेली असती तर घर, पानमळ्याचं पाणी, तू, सगळं माझ्यावर येऊन परीक्षा बुडाली असती. मी चिठ्ठी पुस्तकात ठेवली. परीक्षा झाली की सांगू, असं ठरवलं. परीक्षेच्याच दिवसांत, होळीला, आई मशेरी लावता लावता म्हणाली, "आता नाय दुकत गो. देवीनं आयकलं माजं." मला इतकं हलकं वाटलं की परीक्षा संपल्यावरही मी चिठ्ठीचं नाव काढलं नाही. आपण सगळे जत्रेला गेलो, नवस फेडला. परत आल्यावर आठव्या दिवशी त्याच दाढेखालून तिचा गळा सुजला, श्वास अडकू लागला, आणि बैलगाडी पालघरला पोचायच्या आधी ती गेली. त्या परीक्षेवर मी मास्तरीण झाले आणि माझं करणं देवीवर ढकलत आले. काल तुझ्या कार्डावर तेच वाचलं, दुखायचं थांबलं म्हणून. मी रजा टाकली आहे. शुक्रवारी सालवडला तुझ्या खोलीवर येते, शनिवारी सकाळच्या गाडीने आपल्याला मुंबईला जायचं आहे. हे वाचून माझं तोंड पाहू नये असं तुला वाटलं, तर मी काही म्हणणार नाही. गाडीत दुसऱ्या बाकावर बस, माझ्याशी बोलू नकोस. पण चल.

तुझीच,
चंद्राताई