पुठ्ठ्याचं इंजिन

बाबा, आज सकाळी आपल्या बेटावरच्या मोका गावाच्या चढावर एक भरलेली लॉरी माझ्या गाडीला मागे टाकून वर गेली, आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं. ड्रायव्हर खिडकीबाहेर कोपर काढून ऐटीत बसला होता. तुमचं कोपर असं बाहेर यायला किती वर्षं गेली! तोवर तुम्ही या चढावर दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून पुढे वाकलेले असायचात, जणू छातीनंच लॉरी ढकलताय. तेर रूजहून भाजी भरायची, क्वात्र बॉर्नच्या बाजारात उतरवायची, आणि मध्ये हा चढ. पहिल्या गिअरमध्ये लॉरी रडत चालायची, मागे गाड्यांची रांग लागायची. बसचा एक कंडक्टर दारात लोंबकळत विचारायचा, "उतरून ढकलू काय, काका?" घरी आल्यावर चहा संपेपर्यंत तुम्ही कुणाशी बोलत नसायचात.

मग भंगारात निघालेल्या एका बसचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन तुम्ही पाहून आलात, आणि घरात दुसरा विषय उरला नाही. आपल्या पेट्रोल इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट ताकद. तुम्ही आईला घोडे मोजून दाखवायचात आणि आई म्हणायची, "त्यांना चारा कोण घालणार?" अडचण एवढीच होती की ते बसवायचं तर चासीचा एक आडवा दांडा कापावा लागणार होता, आणि नेमकं मापात बसल्याशिवाय लोखंडाला करवत लावायची नाही, हा तुमचा हट्ट. म्हणून तुम्ही बाजारातल्या कापडवाल्याकडून मोठाले पुठ्ठ्याचे खोके आणलेत. भंगारवाल्याच्या आवारात मी टेप धरली, तुम्ही आकडे लिहिलेत, आणि आठवडाभर आपल्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर पुठ्ठ्याचं इंजिन तयार होत राहिलं. पंखा, पुली, खालची तेलाची टाकी, सगळं हुबेहूब, पिठाच्या खळीनं चिकटवलेलं. आई त्याला वळसा घालून चुलीपाशी जायची. मी तेव्हा नुकतीच शाळा संपवून घरी बसले होते, आणि त्या आठवड्याइतकी खूश मी कधीच नव्हते.

घाई होती, कारण तुम्ही गावच्या बैठकेत शब्द दिला होता. गावचा गणपती दर वर्षी आपल्याच लॉरीवरून समुद्राला जायचा, आणि या वर्षी तो नव्या इंजिनावर जाणार, असं तुम्ही सगळ्यांदेखत सांगून बसला होतात. शेजारचे क्रेओल मेकॅनिक, ज्यांना आम्ही तोंतों म्हणायचो, रोज हजेरी लावायचे. एका दुपारी मी म्हटलं, टाकीचं माप पुन्हा घेऊ या. तुम्ही तोंतोंकडे बघून हसलात. "पोरीनं मोजायचं ते पीठ. मोतेर, इंजिन, हे आमचं काम." तोंतोंही हसले. मी टेप गुंडाळून ठेवली.

शनिवारी जुनं इंजिन काढलंत आणि त्या जागी पुठ्ठ्याचं टांगलंत. काय देखणं बसलं होतं ते! "बों, ली रांत्रे," बसलं, बसलं, असं तोंतों पुन्हा पुन्हा म्हणत होते. टाकी आणि अॅक्सल यांच्यामध्ये तुमची दोन बोटं आरामात जात होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही ती घालून दाखवत होतात. करवतीला नवीन पातंही लावून ठेवलं होतंत.

रविवार उजाडतो. झाकरी नाचाच्या सरावाला माणसं आपल्या अंगणात जमली आहेत, पण नाचायचं सोडून सगळे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे आहेत. तुम्ही बोटं दाखवता आहात. मी घरातून बाहेर येते आणि मोठ्यानं म्हणते, "बाबा, पुठ्ठ्याला वजन नाय." तुम्ही वळता. मी म्हणते, "ह्या सगळ्यांना पुढं बसवा. खरं इंजिन एवढं तरी भरंल." माणसांना गंमत वाटते. कुणी बंपरवर बसतं, कुणी मडगार्डवर, कुणी चासीच्या टोकावर, आणि शेवटी ढोलकीवाले मामा, जे एकटेच दोघांच्या वजनाचे होते. स्प्रिंगचे पाटे दबतात, चासी अॅक्सलवर खाली येते, आणि पुठ्ठ्याची टाकी कर्रकन चेपते.

कुणी हसलं नाही. तुम्ही उकिडवे बसून कितीतरी वेळ खाली हात घालून चाचपत राहिलात. मग तुम्ही उठलात, कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिलीत. "आता तू बोल. किती वर घ्यायचं?" आणि माणसांकडे वळून म्हणालात, "ह्या वर्षी गणपती दुसऱ्याच्या कामियोंवर, दुसऱ्याच्या लॉरीवर जाईल. माझी पोरगी थांब म्हणते, म्हणून थांबलो." दिलेला शब्द मोडत होतात तुम्ही, तोही साऱ्या बैठकेसमोर, आणि तुमचा ऊर नुसता भरून आला होता. त्या क्षणी मला तुमचा जो अभिमान वाटला, तसा पुढे कुणाचाच वाटला नाही.

इंजिन वर उचललं, टाकीचा खोल भाग मागे नेला, पाट्यांत एक पान वाढवलं. पहिल्या फेरीला मी तुमच्या शेजारी होते. याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये तुम्ही त्या बसला मागे टाकलंत, कंडक्टरकडे ढुंकूनही न बघता. "घोडे मोजलेस काय?" तुम्ही विचारलंत. "मोजले. सगळे हायेत." पुढच्या वर्षी तुम्ही मला मोक्याला इंजिनिअरिंगला घातलंत आणि बाजारभर सांगत सुटलात.

आज माझ्या हाताखाली बसगाड्यांचं अख्खं वर्कशॉप आहे. नव्या पोरापोरींना मी ही गोष्ट सांगते, आणि त्यांना तुम्ही फार आवडता. हे पत्र आता कुठल्याच पेटीत टाकायचं नाही, म्हणून त्यांना न सांगितलेलं इथे लिहिते. वजनाचं मला रविवारी सुचलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळीच सुचलं होतं. तुम्ही एकटेच स्वयंपाकघरात बसून जमिनीवरची वाळलेली खळ खरवडत होतात. मी दारापर्यंत आले आणि मागे फिरले. माणसं जमू देत, म्हटलं. तुम्ही जसं तोंतोंसमोर माझ्यावर हसलात, तसं तुमच्यावर कुणीतरी हसावं, असं वाटत होतं मला. तुला हे कधी सुचलं, असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत, बाबा. विचारलं असतंत तर मी खोटं बोलले असते.