पटाच्या बैलांभोवतीचा वारा

वर्धा,
११ जानेवारी २०२५

ती. मोठे बाबा,

अपेक्षाचा नमस्कार. तुरीच्या शेंगा पोचल्या. होस्टेलवर उकडल्या, आणि मैत्रिणींच्या कृपेने माझ्या वाट्याला फोलपटं आली. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. लगेच तुमच्या हिऱ्या-पाखऱ्याच्या जोडीचं कौतुक सुरू करता.

तर तुमचं काम झालं. दिवाळीत तुम्ही मला डिवचलं होतं, "तुहा कॉम्प्युटर विमानाचा वारा दाखवते, तं माह्या जोडीचा काऊन नाई?" घ्या, दाखवला. दोन्ही बैल, शंकरपटाच्या शर्यतीतला छकडा आणि वर तुम्ही, असे सगळे कॉम्प्युटरमध्ये उभे केले. मग भोवतालच्या हवेचे बारीक बारीक चौकोन पाडायचे. एका चौकोनातून शेजारच्यात हवा कशी सरकते, किती जोरात, याचा हिशेब कॉम्प्युटर करत बसतो.

पहिल्या खेपेला हिऱ्याच्या पोटाखाली माझ्याकडून फट राहिली, आणि सगळा वारा त्याच्या पोटात शिरला. सर पडद्याकडे बघून म्हणाले, याला आधी गुरांच्या डॉक्टरकडे न्या. दुसऱ्या खेपेला तुम्ही एसटीच्या सीटवर बसावं तसे ताठ बसला होतात. तेही सुधारलं. आता चित्र फार देखणं आलंय. शिंगांपाशी वारा फाटतो, खांद्यांवरून घसरतो आणि तुमच्या पाठीमागे त्याचे भोवरे होत जातात. रंगीत छापून पाठवतेय, गोठ्यात लावा.

आता अवघड भाग. मोठ्या आईचा फोन आला होता. गेल्या पटात तुम्ही छकड्यावरून पडलात, तेव्हापासून कंबर धरून उठता, आणि तरी यंदा जोडी हाकायला धुरकरी म्हणून स्वतःचंच नाव दिलंत. ती म्हणाली, "तुह्या मशीनले सांगाले लाव, म्हातारा वाऱ्याले आडवा येते म्हणून जोडी मागं पडते. त्याले आमचं पटत नाई, मशीनचं पटन." मी हो म्हणून मोकळी झाले.

पण तसं काही निघालंच नाही. तुमच्या जागी मोहिनीला बसवून पाहिलं. तुमची लेक बसली काय, तुम्ही बसलात काय, वाऱ्याला फारसा फरक पडत नाही. खोटं चित्र काढणं सोपं होतं, चार रंग बदलले की झालं. तुम्हाला फसवायला मात्र हात धजावला नाही. मोठी आई माझ्यावर चिडणार आहे, तेवढी तिची समजूत तुम्ही काढा.

मोठे बाबा, एक गोष्ट त्या चित्रात दिसत नाही. कॉम्प्युटरला तुम्ही म्हणजे वाऱ्याच्या वाटेतली एक घट्ट वस्तू. मी तुम्हाला छकड्याला चिकटवूनच टाकलंय. तिथे जोडी कितीही उधळू द्या, तुम्ही पडत नाही.

पटावर तुम्ही पडता. मी पाहिलंय.

म्हणून यंदा कासरा मोहिनीच्या हाती द्या. बैल तिला ओळखतात, आणि तुम्ही बाहेरून ओरडलात की तेही ऐकतात. हे मशीन सांगत नाही, मी सांगते. मले भेव वाटते, मोठे बाबा.

रागावलात तरी पटाला मी येणारच. कठड्याशी तुमच्या शेजारची जागा माझी.

तुमच्या उत्तराची नाही, होकाराची वाट बघणारी,
अपेक्षा