जागा फायनल होईपर्यंत

३ फेब्रुवारी, सकाळ
मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. नर्सने कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्यासमोर धरलं. माझ्या एका हातात फाइल, दुसऱ्यात पाण्याची बाटली. त्यामुळे बाबांनी घेतलं. सगळे विचारतात, कसं वाटतंय. छान वाटतंय, असं सांगतो. खरं म्हणजे अजून काहीच वाटत नाही. दमलो असेन.

३ फेब्रुवारी, दुपार
घरी येऊन जागेची पाहणी केली. बाहेरच्या खोलीत बाबांचा पलंग. आतल्या खोलीत आमचा पलंग आणि कपाट. मग स्वयंपाकघर. उरलेल्या जागेत आम्ही चालतो. बाळ झोपणार कुठे, हे इतक्या महिन्यांत कुणी ठरवलंच नाही. बायकोने विषय काढला होता, पण मी ‘बघू’ म्हटल्यावर तिनेही पाठपुरावा केला नाही.

हरकत नाही. मी गोदामाचा सुपरवायझर आहे. ट्रकच्या ट्रक मालाला जागा देतो. इथे तर एकच नग, तोही हलका.

गोदामाचा पहिला नियम: लोकेशन पक्कं झाल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही. लोकेशन ठरलं की डोकं शांत होतं. डोकं शांत झालं की वाटायचं ते वाटेल.

५ फेब्रुवारी
पर्यायांचा अभ्यास केला. पलंगावर मधोमध: बाद. मी झोपेत लाथा मारतो असा बायकोचा आरोप आहे. पुरावा नाही, पण रिस्क नको. खिडकीखाली: वारा. स्वयंपाकघर: विचारही नको. बाबांच्या शेजारी: बाबा घोरतात. बाबांना हे मान्य नाही.

निर्णय: स्वतंत्र कॉट. कपाटासमोरची मोकळी जागा. गोदामातून पिवळी टेप आणून फरशीवर चौकोन आखला. बाबा लगेच चौकोनाला वळसा घालून चालू लागले. आखणी नीट असली की शिस्त आपोआप लागते.

६ फेब्रुवारी
दोघी घरी आल्या. बायकोने चौकोन पाहून विचारलं, इथे कुणाचा खून झालाय का. थकली आहे बिचारी.

कॉट यायची आहे, म्हणून बाळाला पलंगावर दोन उशांच्या मध्ये ठेवलं. ही तात्पुरती जागा आहे, असं मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. बायको म्हणाली, जरा घे तिला, मी तोंड धुऊन येते. मी तेव्हा मेजरिंग टेप धरून उभा होतो. टेप सोडली असती तर सर्रकन आत गेली असती आणि बाळ दचकलं असतं. बाबांनी घेतलं.

८ फेब्रुवारी
कॉट आली. सगळे भाग सुटे. एकट्याने जोडली, कुणाची मदत घेतली नाही. (बाबांनी दोन बाजू धरल्या आणि तिसरी उलटी लागलीये हे दाखवलं, तेवढंच.) चौकोनात तंतोतंत बसली. मागे सरकून पाहिलं. आता वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. नव्या रंगाचा वास फार होता, त्याकडे लक्ष जात असेल.

९ फेब्रुवारी
छोटीशी अडचण. कॉटमुळे कपाट उघडत नाही. बाळाचे सगळे कपडे कपाटात.

माप चुकलेलं नाही. माप मी कपाट बंद असताना घेतलं होतं आणि ते अचूक आहे. गोदामातल्या रॅकना दारं नसतात. दार उघडायला जागा लागते हा मुद्दा आमच्या कामात येतच नाही. आत्तापर्यंत कधीच आलेला नाही.

बायकोने कपाटाच्या फटीतून हात घालून चाचपत एक पायमोजा काढला. एकच. तो हातात धरून ती हसली, मग खाली बसून रडली. बाळंतपणानंतर असं होतं, मी वाचलंय. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला गेलो. सापडायला बराच वेळ लागला. खिशातच होता.

११ फेब्रुवारी
तोडगा काढला. कॉट सुटी करून कपाटातले कपडे बाहेर काढले, कॉट पुन्हा जोडली आणि कपडे कायमचे कॉटमध्ये ठेवले. आता कपाट उघडायची गरजच नाही. संध्याकाळपर्यंत कॉटमध्ये इस्त्रीचे कपडे, जादाची पांघरुणं आणि बाबांचं शेक घ्यायचं यंत्रही आलं. इतकी सोयीची जागा या घरात आजवर नव्हती. सगळ्यांना पटली.

बाळ पलंगावरच. गर्दी नको म्हणून मी स्वखुशीने बाहेरच्या खोलीत गादी टाकली. बाबा घोरतात. हा मुद्दा आता निकालात निघाला.

२० फेब्रुवारी
फोर्कलिफ्टवाल्याने विचारलं, बाळ झोपतं कुठे. प्लॅनिंग चालू आहे, म्हटलं. तो म्हणाला, आमचा मोठा कित्येक महिने माझ्या पोटावर झोपायचा, दुसरीकडे ठेवला की भोकाड. मी त्याला समजावलं की पोट हे लोकेशन धरता येत नाही, ते कामावर येतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग एक खोकं उचलायला गेला. या लोकांना सिस्टिम समजत नाही.

२ मार्च
बायकोने आज सरळ विचारलं, तू तिला घेत का नाहीस. चिडून नाही, लाइट का गेली विचारावं तसं. मी म्हणालो, अजून मान धरत नाही ती. मान धरू दे. शिवाय एकदा जागेचं नक्की झालं की मी मोकळा होईन. ती म्हणाली, तिला जागा नकोय. मग काय हवंय, मी विचारलं. ती आत गेली. म्हणजे तिलाही उत्तर माहीत नाही.

१९ मार्च, दुपार
यश. बारकी, चाकांची कॉट आणली, पलंगाला लावायची. या वेळी घरातली सगळी दारं उघडी ठेवून माप घेतलं. कपाटाचं, खोलीचं, बाथरूमचं, फ्रिजचंसुद्धा. उगाच नंतर कुणी बोट दाखवायला नको. बरोब्बर बसली. जुनी कॉट बाहेरच्या खोलीत सरकवली, कपड्यांसकट.

विषय संपला. आजपासून बाळाला मी झोपवणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं. दोनदा म्हणाली.

१९ मार्च, संध्याकाळ
बाबा फिरायला गेले होते. बायको बऱ्याच दिवसांनी डोक्यावरून न्हात होती. बाळ पलंगावर जागं झालं आणि रडायला लागलं.

कॉट हाताच्या अंतरावर होती. मी ती आणखी जवळ ओढली. चादरीची सुरकुती काढली. चाकांचे लॉक तपासले. पुन्हा तपासले. पलंग आणि कॉट यांच्यात फटही उरली नव्हती. आता फक्त बाळ इथून तिथे ठेवायचं बाकी होतं. रडून रडून ती लाल झाली होती. मी तिथेच उभा होतो. काय वाटत होतं ते आठवून पाहिलं. काही नाही. हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे खाली लोंबत होते.

गोदामात उचलणारी माणसं वेगळी असतात. मी फक्त कुठे ठेवायचं ते सांगतो.

बायको केसांत शाम्पू तसाच ठेवून बाहेर आली आणि तिने बाळाला उचललं. फरशीभर पाणी झालं होतं. ते मी पुसलं. माझा घरात काही हातभार नाही असं कुणी म्हणू नये.

४ एप्रिल
बायको हल्ली हा विषय काढत नाही. काही लागलं की थेट बाबांना हाक मारते. मधला एक टप्पा कमी झाला, काम लवकर होतं. घरात शांतता आहे. मला बरं वाटतं. म्हणजे वाईट वाटत नाही.

९ मे
बाळ मान धरतं, असं बाबांनी सांगितलं. चांगली गोष्ट. पण सध्या गोदामात स्टॉक मोजणी आहे, अंगाला धूळ असते. मोजणी संपली की पहिलं काम तेच.

१० जून
मोजणी संपून बरेच दिवस झाले. आता पाठ दुखते.

चाकांची कॉट लहान पडायला लागली. बाळाचे पाय पलीकडे टेकतात. एवढं वाढण्याचा हिशेब मी धरला नव्हता. गोदामात माल जसा येतो तसाच राहतो. कॉट घडी करून मोठ्या कॉटमधल्या कपड्यांवर ठेवली.

सहज आठवून पाहिलं, बाळ आतापर्यंत कुठे कुठे झोपलं. बायकोच्या कुशीत. बाबांच्या खांद्यावर, ते गॅलरीत येरझाऱ्या घालत असताना. स्वयंपाकघरात चटईवर, मिक्सर चालू असतानाही. एकदा शेजारणीच्या मांडीवर. यातली एकही जागा मी ठरवलेली नव्हती. या घरात नियोजनाला किंमत नाही.

१२ जुलै, रविवार सकाळ
आज पक्कं ठरवून उठलो. कुणी सांगितलेलं नव्हतं. हात धुतले, दोनदा. बाळ पलंगावर पालथं पडून चादर चोखत होतं. मी वाकलो आणि उचललं.

वाटलं होतं त्यापेक्षा जड. गरम. मानेशी दुधाचा वास. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळ, नाक, चष्मा, सगळं सावकाश तपासलं. घाई केली नाही. मी हसलो. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला आणि ती रडायला लागली. लागल्यासारखं किंवा भुकेचं नाही. घाबरून.

बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिला घेतलं. ती लगेच गप्प झाली, आणि बायकोच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. बायको मला म्हणाली, हल्ली नवीन माणूस दिसलं की रडते, होईल सवय.

टोमणा असेल म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

मी पलंगावर बसलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, छातीत दुखावं इतकं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं ते हे. बायकोला सांगणार होतो, पण ती बाळाला घेऊन आत गेली होती.

काल मीटर बघायला माणूस आला होता, तेव्हाही बाळ असंच रडलं. बायकोने त्यालाही हेच सांगितलं होतं, याच शब्दांत, इतक्याच प्रेमाने.