बॅनरवरचा फोटो

मंगळवार, लातूर

पत्र आलं! समुद्रातल्या तेलविहिरीवर मेडिकची नोकरी. तिथं डॉक्टर नसतो, सगळं आपणच निभवायचं. मुलाखतीत 'नर्सिंगच का?' विचारलं, तेव्हा मी फूटपट्टीचंच सांगितलं. भूकंपात मोडलेला माझा हात एका नर्सबाईंनी लाकडी फूटपट्टीला बांधला होता. ती पट्टी बॅगेत टाकलीसुद्धा.

मेडिकलचा नंबर दोनदा हुकला, तेव्हा क्लासच्या सरांनी ओळख दाखवली नाही. पोरगा असून नर्सिंगला गेलो, तर गल्ली हसली. आज सरांचाच फोन. "फोटो पाठव रे, क्लासच्या बॅनरवर टाकतो. डॉक्टरच लिहितो, लोकांना काय कळतंय!"

आई म्हणाली, "देऊ नको. इतकी वर्षं कुठं होते तुझे सर?"

राग मलाही लई आला. तरी फोटो पाठवला. फक्त बजावलं, डॉक्टर नाही, नर्स लिहा. मोठ्या अक्षरात.