एक्केचाळीसला आठ

नांदेड, १८ नोव्हेंबर २०२४

चि. लुंबिनीस, निवृत्तीकाकाचे अ. उ. आ. आणि जयभीम.

इकडे सर्व ठीक. तुझी काकू गुडघ्याला तेल चोळते आणि मला बोलते. दोन्ही कामं नेमानं चालू आहेत.

पत्राचं कारण आमच्या आदर्शची गाडी. ट्रेलर ओढणाऱ्या तोंडाला घोडा का म्हणतात, असं तू लहानपणी विचारायचीस. आता आपल्याच दारात घोडा बांधलाय. जुना आहे, पण इंजिन धडधाकट. आतापर्यंत हायवेवर कंटेनर ओढत होता, म्हणून मागच्या एक्सलमध्ये पळायचे दात आहेत: मोठ्या क्राऊनला सदतीस, छोट्या पिनियनला नऊ. आता उदगीरच्या संगप्पांचं ऊसतोडणी यंत्र गावोगाव न्यायचं काम आदर्शला मिळतंय. पहिली खेप मुरुडहून लातूर, अहमदपूर, लोहा करत इकडे. ती नीट पोचली तर सबंध गाळप हंगाम त्याचा. यंत्र आणि ट्रेलर मिळून वजन पंचवीस टनांच्या घरात.

मी म्हणतो एक्केचाळीस-सात बसवावेत, डोंगर ओढेल. आदर्श म्हणतो दात आहेत तेच राहू देत, टायर मात्र अकराचे उंच घालू, गाडी रुबाबदार दिसते. मी त्याला विचारलं, यंत्र आणायला चाललास का नवरी आणायला. तेव्हापासून बोलत नाही.

तू पार्टच्या दुकानात बसतेस, सगळ्या कंपन्यांची पुस्तकं तुझ्यापुढे असतात. दात आणि टायर तू ठरव, मी बसवतो. एक्केचाळीसच्या पुढे मोजता येतं ना आता? फोन करू नकोस, फोनवर आकडे इकडचे तिकडे होतात. लिहून बसच्या पार्सलात टाक.

माया आहे तशी राहू दे, झिजू देऊ नकोस.

तुझा
निवृत्तीकाका

लातूर, २१ नोव्हेंबर

ति. काकांस, लुंबिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळाल्यापासून माझं जेवणावर लक्ष नाही. आई-बाबा ऊसतोडीला गेले की मी तुमच्याकडे असायचे, आणि शाळेआधी अंक शिकले ते तुमच्या वर्कशॉपातल्या क्राऊनवर. त्याला दातच एक्केचाळीस होते, म्हणून पहिलीत बाईंसमोर मी एक्केचाळीसनंतर पुन्हा एक म्हणाले. हे तुम्ही अजून किती वर्षं काढणार आहात?

आता कामाचं. आदर्शदादाला फोनवरून टायरवर खडूची खूण करायला लावली आणि गाडी एक फेरा लोटायला सांगितली. एका फेऱ्यात तीन मीटर वीस सेंटिमीटर जाते. इंजिन मिनिटाला सोळाशे फेरे फिरतं असं धरलं, तर वरच्या गिअरला सदतीस-नऊवर गाडी ताशी पंचाहत्तर पळते, एक्केचाळीस-आठवर साठ, आणि तुमच्या एक्केचाळीस-सातवर बावन्न. ओढ मात्र उलटी वाढते. आठवर आत्ताच्या सव्वापट, सातवर दीडपटीला थोडी कमी.

सात घेतले तर रिकाम्या परतीत इंजिन उगाच ओरडत राहील, आणि अर्धा रस्ता तो रिकामाच असणार. आहेत ते ठेवले तर चढावर क्लच जळेल. उतारावर तर इंजिन गाडीला धरणार नाही, सगळा भार ब्रेकवर येईल. मला चढापेक्षा उताराचीच धास्ती आहे. म्हणून मी एक्केचाळीसला आठ म्हणते. ओढेलही आणि पळेलही, दोन्ही जरा जरा कमी.

अकराचे टायर नकोत. चाक मोठं झालं की ओढ तेवढी घटते. दातांनी दिलेलं टायर परत घेतात. दहाचेच राहू देत. मागच्या चार चाकांना मात्र खोल खाचांचे लग टायर घाला. काळ्या रानात ओल असली की साधे टायर जागीच फिरतात. चारही एकाच उंचीचे बघा, जोडीतला एक बुटका असला तर दुसरा एकटा वजन घेतो. वेगाचा काटाही नव्या दातांना जुळवून घ्या, नाहीतर तो जुनंच सांगत राहील.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या हातचे कोयते त्या यंत्रानं घेतले आणि माझी लेक त्यालाच टायर शोधते. ती हसत होती का ते मला कळलं नाही. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

हिशेब तीनदा केला, तीनदा तोच आला, तरी चैन नाही. चुकला तर आदर्शदादा उतारावर असेल आणि मी काउंटरवर पंख्याखाली. तुम्ही तुमच्या डोक्यानं पुन्हा करा. माझ्यावर सोडू नका.

माझ्या चुका पोटात ठेवा आणि मला ध्यानात.

तुमची
लुंबिनी

नांदेड, २७ नोव्हेंबर

चि. लुंबिनीस, अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझा हिशेब केला. माझा दोन बोटं इकडेतिकडे आला, म्हणजे माझा चुकला. एक्केचाळीसला आठ बसवले. दातांवर रंग लावून ठसा पाहिला, मधोमध उमटला. लग टायर चढवले, काटा जुळवला. आदर्श टायरांभोवती फिरून आला आणि म्हणाला, हेही दिसायला बरे आहेत. आता बोलतो माझ्याशी.

लोह्यापर्यंत जाऊन आलो. हूं नाही की चूं नाही. इतका गप एक्सल तीस वर्षांत माझ्या हातून बसला नव्हता. परवा शुक्रवारी आदर्श रिकामा ट्रेलर घेऊन निघेल, मुरुडला जाण्याआधी तुला भेटेल. एक चक्कर मारून ये त्याच्यासोबत, म्हणजे तुझं जेवण सुरू होईल.

काकू म्हणते तू तीनदा फोन केलास. हातात पाना असला की मला काही सुधरत नाही.

आठवण येत जाऊ दे, आमच्याकडून ती थांबत नाही.

तुझा
निवृत्तीकाका

लातूर, ३० नोव्हेंबर

प्रिय सरजाकाकूस, लुंबिनीचा सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. फोनवर तू बोलतेस ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून लिहिते.

काल आदर्शदादा आला. मला शेजारी बसवून रिंगरोडला चक्कर मारली. ताशी चाळीसच्या पुढे गेलो की मागून आवाज यायला लागला. डाळमिल लांब सुरू असावी तसा, एकसुरी. वेग वाढला की वर चढायचा. दादा म्हणाला, नवं सामान आहे, चार दिवस गाईल आणि बसेल. एक्सल असा घुमतो तेव्हा दात एकमेकांवर चुकीचे बसलेले असतात, हे मी काकांकडूनच शिकले. असे दात पंचवीस टनांखाली तुटले आणि तेही उतारावर, तर पुढचं मला लिहवत नाही.

मी दादाला मुरुडला जाऊ दिलं नाही. गाडी आमच्या दुकानामागे उभी आहे. संगप्पांनी फोनवर सांगितलं, गुरुवारपर्यंत यंत्र हललं नाही तर दुसरा घोडा बघतो; आणि असंही म्हणाले, की एवढ्याशा पोरीच्या कानापायी माझं यंत्र बसून राहायचं का. आमचे मालक विरूपाक्षप्पा चांगले, पण तेही दर तासाला मागे जाऊन गाडीकडे बघून येतात.

काकांनी लिहिलं होतं की गाडी गप आहे. काका खोटं लिहीत नाहीत. मग काकू, काकांना ऐकू येतं का? फोन ते घेत नाहीत. धम्मचक्र दिनाला विहारात मी त्यांना मागून दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. मला वाटलं माझ्यावर रागावलेत. आठवडाभर मी माझी चूक शोधत होते.

त्यांना हे पत्र दाखवू नकोस. खरं काय ते लवकर कळव, गाडी तोवर हलणार नाही.

तुझ्या पदराआड मला अजून जागा असू दे.

तुझी
लुंबिनी

नांदेड, १ डिसेंबर

लुंबे, जयभीम.

मला मनातल्या मनात वाचता येत न्हाई, तुला म्हाईत हाय. तुझ्याच पाटीवर तुझ्यासंग शिकले, अक्षर तोंडानं म्हणल्याबिगर मला फुडचं दिसत न्हाई. दाखवू नको हे तू पार शेवटाला लिव्हलंस बाई. तितवर मी समदं मोठ्यानं वाचून बसले. अन् हे हाताभरावर बाजेवर चहा पिऊन राहिले होते.

काकांना ऐकू येतं का, हे मी वाचलं. यांनी बशी ओठाला लावली. मी तेच परत वाचलं, लई मोठ्यानं. भिंतीपलीकडची पंचफुला दारात आली, कुणाला काय झालं म्हणून. हे तिच्याकडं बघून हसले अन् म्हणले, आज थंडी कमी हाय.

मंग मी कागदच त्यांच्या हातात दिला. वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. उठून वर्कशॉपात गेले. दिवसभर आले न्हाईत.

माझंच चुकलं. मला वाटायचं मी लई बोलते म्हणून माणूस कंटाळला, वय झालं की पुरुष अबोल होतात. उलट बरं वाटायचं, आता मधी मधी तोडत न्हाईत म्हणून.

तुझा राग न्हाई मला. पर तीस वर्साचं नाव हाय त्यांचं, अन् गाडीत माझं लेकरू हाय. दोन्ही बघ.

जीव लावतीस तसा लावत जा.

तुझी काकू
सरजाबाई

नांदेड, २ डिसेंबर

चि. लुंबिनीस, अ. उ. आ. आणि जयभीम.

होळीच्या सुमारास डावा कान गेला. पोळ्यापासून उजवाही मागे पडला. कोणाला सांगितलं नाही. एक्सल ऐकून बसवणारा मिस्त्री बहिरा झाला हे कळल्यावर दारात गाडी कोण उभी करील? गाडी गप आहे असं तुला लिहिलं ते खोटं नव्हतं. मला ती गपच होती.

काल दिवसभर मी एकच विचार करत होतो, बसवताना माझं काय चुकलं असेल. काही सापडत नाही. दातांमधल्या फटीचं माप गेजवर घेतलं होतं, ठसा डोळ्यांनी पाहिला होता, आणि डोळे अजून जागेवर आहेत. पण माझ्या म्हणण्यावर गाडी सोडू नकोस. तुझ्या कानावर थांबवून ठेवू नकोस. या कामात आता आपल्या दोघांचेही कान नकोत.

असं कर. दोन्ही कानांत कापूस घाल. आदर्शच्या शेजारी बस, चप्पल काढ, तळहात आणि तळपाय गाडीच्या तळाच्या पत्र्यावर टेकव. पन्नासला गेल्यावर त्याला एकदम रेसवरचा पाय काढायला सांग. एक्सलचे दात रेस दिली की एका अंगानं घासतात, सोडली की दुसऱ्या, म्हणून थरथर बदलायलाच हवी. नाही बदलली, तर ती दातांची नाही. मग डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर घे. रस्ता बदलल्यावर थरथर बदलली तर ती टायरची.

निकाल तू दे. दातांची निघाली तर गाडी तिथंच दुसऱ्या मिस्त्रीकडे उघडा. माझं नाव सांगायला लाजू नकोस.

रागावलो नाही. एवढं खरं मान.

तुझा
निवृत्तीकाका

नांदेड, ५ डिसेंबर, तुमच्याच अंगणात

ति. काकांस, सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही समोर बाजेवर बसला आहात आणि मी उंबऱ्यावर बसून तुम्हाला पत्र लिहिते आहे. पंचफुलामावशी भिंतीवरून बघते आहे, तिला बघू दे. तोंडानं सांगायला गेले तर मी अर्धं गाळीन आणि तुम्ही अर्धं अंदाजानं घ्याल. लिहिलेलं पुरं होतं.

मंगळवारी कापूस घातला आणि औसा रोडला गेलो. दादानं पाय काढला, थरथर तशीच राहिली. मला पटलं नाही. पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा. चौथ्यांदा तो म्हणाला, लुंबे, तुझ्यापेक्षा आरटीओ बरे. मग सिमेंटचा रस्ता लागला आणि पायाखालची थरथर एकदम बारीक झाली. डांबर आलं की परत जाड. तरीही मी परत आल्यावर एक्सलच्या तेलाचा बोल्ट उघडायला लावला. तेलात बोट फिरवलं, बोल्टच्या चुंबकावर पाहिलं. लोखंडाचा चुरा नव्हता. एक कणही नव्हता.

आवाज माझ्या लग टायरांचा होता, काका. खोल खाचा डांबरावर घुमतात. पुस्तकात टायरची पकड लिहिलेली असते, आवाज लिहिलेला नसतो, आणि मी पुस्तकाबाहेर विचारलंच नाही. तुमच्या कामात खोट नव्हती. माझ्या निवडीचा आवाज ऐकून मी तुमच्याकडे बोट दाखवलं आणि तुमची झाकलेली गोष्ट सगळ्या गल्लीपुढे आणली. त्याची माफी मागते. पण ती उघडी पडली याचं मला वाईट वाटत नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर माफी अर्धी खोटी होईल.

काल मुरुडला यंत्र चढवलं. रान ओलंच होतं, टायर रुतले नाहीत. ज्या आकड्यावर दादाला बसवलं त्यावर आपणही बसावं, म्हणून विरूपाक्षप्पांकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली. ते म्हणाले, जा बाई, तू इथं असून तरी कुठं इथं असतेस. आज पहाटे निघालो. अहमदपूरच्या चढावर गाडी हळू झाली, पण थांबली नाही, क्लचचा वास आला नाही. लोह्यापुढच्या उताराला मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. अर्ध्यात दादानं ब्रेकवरचा पाय उचलून दाखवला, बघ म्हणाला, इंजिन धरतंय. मी त्याला म्हणाले, पाय आधी जागेवर ठेव. गाडी खाली आली. यंत्र उतरलं, संगप्पांनी पुढच्या खेपेचं गाव सांगितलं. माझ्याकडे बघून म्हणाले, आवाज मात्र लई करते गाडी. मी म्हणाले, करते.

उद्या सहा डिसेंबर, सगळे विहारात असतील. शनिवारी दवाखान्यात कान तपासायला चला. कानांवर उपाय असेल किंवा नसेल, मला माहीत नाही, म्हणून बरं होईल असं लिहीत नाही. फक्त चला. आणि गाड्या बसवणं थांबवू नका.

उत्तर याच कागदावर द्या, मी इथंच बसले आहे.

तुमची
लुंबिनी

(खाली पेन्सिलीनं)

वाचलं. उताराला गिअर कोणता होता ते राहिलं, लिही.

शनिवारी येतो. सोबत तू चल. सरजा नको, ती डॉक्टरला बोलू देणार नाही. डॉक्टर काय म्हणतो ते मला कागदावर दे, म्हणेल तसंच. माझ्यासाठी कमी करून लिहू नकोस.

नि.