न्हाणीजवळचं झाड

खैरी, ता. काटोल
१४ जून १९६९

चि. भैय्याजीस रुपरावचे अनेक आशीर्वाद. पत्र रागाने लिहीत आहे, रागानेच वाच.

बापूजींनी लावलेली संत्र्याची झाडे वाळली. बहर धरायचा तर आधी पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो, हे मी बापूजींकडूनच शिकलो. पण तू शेतकी शिकलेला, शहाणा, म्हणून ताण किती दिवस द्यायचा ते यंदा तुला विचारले. तू पंचेचाळीस लिहिलेस. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझे काय जाते? आता आठवडाभर विहिरीवरचे इंजिन चालवून पाणी दिले, तरी फांदी हातात कडकन मोडते. पुढच्या सोमवारी नत्थू झाडे तोडायला येईल.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

तुझा दादा

लकडगंज, नागपूर
१७ जून १९६९

ती. दादांस भैय्याजीचा सा. न. वि. वि.

आपले २८ मेचे पत्र मी जपून ठेवले आहे. त्यात आपणच लिहिता, की पुस्तकवाले भित्रे असतात, बापूजी असते तर आणखी दहा दिवस थांबले असते, म्हणून थांबतो. म्हणजे ताण पंचावन्न दिवसांचा झाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आपणच मला शिकवलीत. नुसते वय वाढले म्हणून कोणी शहाणा होत नाही. मान ठेवतो, पण ही चूक मी माझ्या माथी घेणार नाही.

आपल्याकडचा लोभ आटला असेल तर तसे कळवावे.

आपला भैय्याजी

खैरी
२४ जून १९६९

चि. भाऊजींना मनकर्णाचे आशीर्वाद.

दोघांची पत्रे वाचली. तुमच्या दादांना ऐकवून झाले, आता तुम्हाला. २८ मेचे पत्र मिळाले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? तार नाही, चार ओळी नाहीत. दादा चुकलेले बघायचे होते, हो ना? आणि आपली जमीन मुरमाड, तिला महिन्याचा ताणही पुष्कळ. त्या मुरमावर गुडघे फोडून वाढलात, तरी लिहिताना आठवले नाही?

न्हाणीजवळचे एक झाड हिरवे आहे. त्याला सांडपाणी जायचे. ताण मोडून राहिली, तुले काय समजते वं, म्हणून तुमचे दादा दोनदा ओरडले. मला खरेच काही समजत नव्हते. धुण्याचे पाणी दुसरीकडे नेऊन टाकायचा कंटाळा, एवढेच. मलाही शहाणी म्हणू नका.

काल नत्थू कुऱ्हाडी घेऊन आला. मी त्याला परत पाठवले. नखाने साल खरवडून पाहिली, पंधरा-वीस झाडे आतून ओली आहेत. जगतील का, मला माहीत नाही, तुम्हा दोघांनाही नाही. मेल्या झाडाले पाणी काहून, म्हणून तुमच्या दादांनी इंजिनाचे हँडल लपवले आहे. मी विहिरीचे ओढून घालते. हातांना फोड आले.

लोभ असू द्या, शहाणपण नसले तरी चालेल. रविवारी या. पुस्तक नको, बादली आणा.

तुमची वहिनी