मिसेस हॉब्जची खोलगट बशी

ब्रिस्टल,
जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप दामूअण्णांना, समुद्रापलीकडून (मध्ये नेमके किती समुद्र लागले ते अरविंदला विचारायला हवं) धाकट्या अनुसूयेचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. गुडघा कसा आहे? बसवनगुडीच्या थंडीत तो धरतो म्हणून लिहिलंत. इथे एकदा येऊन पाहा, मग तिकडच्या थंडीला थंडी म्हणायची लाज वाटेल. प्रेमावहिनींचा खोकला थांबला का? कडलेकाई परिषेला जाऊन आलात का? (माझी शेंगांची जत्रा आयुष्यात पहिल्यांदाच चुकली. इथे शेंगदाणे मिळतात, पण सोललेले, खारवलेले, डब्यात बंद. शेंग फोडण्याचं सुख दुकानदारानेच उपभोगून टाकलेलं.) तुम्ही विचारलंत की माझी रस्त्याकडची खोली तशीच ठेवायची की बँकेतल्या उमाकांतला भाड्याने द्यायची, लगेच कळव. तर त्यात कळवण्यासारखं फारसं काही नाही. अरविंद-प्रतिमाचं बिऱ्हाड लावून द्यायला मी आले होते, ते लागलं. मार्चच्या बोटीचं परतीचं तिकीट काढलेलं आहे. मी येते आहे. उमाकांतला नाही म्हणून सांगा.

प्रवासाचं सविस्तर लिहायचं राहिलं होतं. बंगळूर सिटी स्टेशनावर तुम्ही रुमाल हलवत होतात तोवर मी रडले नाही, यशवंतपूर गेल्यावर रडले, आणि तेव्हा प्रतिमाने दशम्या सोडल्यामुळे तेही अर्धवट राहिलं. मुंबईला बोटीवर चढलो. आम्ही शाकाहारी आहोत असं अरविंदने आधीच कळवलं होतं, त्याचा अर्थ बोटीवरच्या आचाऱ्याने उकडलेला कोबी असा घेतला. आता मला कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी शिकवलं आहे की पानात पडेल त्याची स्तुती करावी. म्हणून वाढणाऱ्या गोऱ्या माणसाला मी म्हटलं की कोबी फार सुरेख झालाय. त्याला बिचाऱ्याला असं आजवर कोणी म्हटलं नसावं. एडन गेलं, सुएझ गेला, पोर्ट सैद गेलं, आणि रोज माझ्या बशीत इतरांपेक्षा दुप्पट कोबी. अरविंद म्हणाला, “आई, आता तरी तोंड उघड.” मी उघडलं आणि कोबी खाल्ला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं तेही नन्सच्या ह्याच शिकवणीमुळे झालं.

ब्रिस्टलला घर मिळालं ते एका लांबलचक रांगेतलं. सगळी घरं एकसारखी, सगळे दरवाजे बंद. पहिल्या दिवशी मी दारात रांगोळी काढायला बसले तर पलीकडचे गृहस्थ थांबून विचारते झाले की तुमचं काही हरवलं आहे का. शेजारणी दिसत नाहीत, हाका ऐकू येत नाहीत, फुलवाली नाही, सोप्पुवाली नाही. (गांधी बझारात सोप्पुवालीशी पालेभाजीच्या जुडीवरून भांडले नाही, तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, हे मला इथे येऊन कळलं.) अशा ठिकाणी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मिसेस हॉब्ज स्वतःहून दार वाजवून आल्या. वय माझ्याहून थोडं जास्त, नवरा वारलेला, मुलगा कॅनडात, सोबतीला मेजर नावाचा तपकिरी कुत्रा. हातात निळ्या काठाची खोलगट बशी, बशीत गरम पाय (इंग्रजांचा ‘पाय’ हो, मैद्याच्या कवचात सारण भरून भाजलेला). मी आभार मानून घेतली. त्या गेल्यावर अरविंदने वास घेतला आणि हळूच म्हणाला, “आई, ह्यात गाय आहे.”

आता काय करायचं? परत करणं शक्य नाही, माणूस प्रेमाने आणून देतं. कचऱ्यात टाकावं तर डबा दोन्ही घरांच्या मध्ये. शेवटी मी मागच्या अंगणात गुलाबाखाली खड्डा केला, पाय त्यात ठेवला, आणि गोमातेला हात जोडून माती लोटली.

पण बशी उरली. अण्णा, आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत जातं का? मी तिच्यात शंकरपाळी घालून दिली. मिसेस हॉब्ज गहिवरल्या आणि चौथ्या दिवशी बशी परत आली. आत पाय! त्यांच्याकडेही कुणाचं काही घेऊन गप्प बसत नाहीत म्हणे. मी चकल्या दिल्या. पुन्हा पाय. प्रतिमा वैतागली. “आई, नुसती बशी द्या ना!”

“रिकामी?”

“हो, रिकामी! इथे कुणाला काही वाटत नाही.”

“मला वाटतं ना.”

शेवटी तडजोड म्हणून मी बशीत फक्त चिमूटभर साखर घातली. (आपल्याकडे एवढ्याने भागतं.) मिसेस हॉब्जनी विचार केला की ह्या बाईला गोड आवडत असणार, आणि सफरचंदाचा पाय आणला. मी हरखले. तर जाता जाता अभिमानाने म्हणाल्या, कवच खुसखुशीत व्हायचं गुपित म्हणजे डुकराची चांगली चरबी. झालं. गुलाबाखाली तोही.

नाताळ जवळ आला तेव्हा एका सकाळी मेजर कुंपणाखालून आमच्या अंगणात शिरला. मी धावले तोवर त्याने ओळीने सगळं उकरलं होतं, आणि मिसेस हॉब्ज कुंपणापलीकडे उभ्या होत्या. त्यांनी मेजरला हाक मारली, आत गेल्या, दार लावलं. अण्णा, ह्या अख्ख्या गावात माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं. त्यानंतर भिंतीपलीकडे नुसता रेडिओ ऐकू यायचा. अरविंद ऑफिसात, प्रतिमा टायपिंगच्या क्लासला. मी दिवसभर त्या रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या ऐकायची.

नाताळच्या दिवशी मी धीर करून गेले. हातात रिकामी बशी. तिच्यात काही घालायची माझी लायकी राहिली नव्हती. म्हटलं, “तुमच्या पायमध्ये काही दोष नव्हता. आमच्या धर्मात बसत नाही, आणि ते सांगायला जीभ रेटली नाही.” त्यांनी मला आत घेतलं. खोलीत नाताळचं झाड, आणि त्याच्यावर लाल फितीने लटकवलेल्या माझ्या चकल्या! एकसुद्धा कमी नाही.

मी म्हटलं, “ह्या खायच्या असतात हो.”

“ते मला कळलं, माझ्या बाई,” त्या तोंडापुढे हात धरून म्हणाल्या, “पण माझे वरचे दात ह्या पेल्यात आहेत.”

मग दोघी इतक्या हसलो की मेजर पलंगाखाली गेला. मी शाळेतली नाताळची गाणी म्हटली, त्यांनी साथ दिली, बिनदाताची.

तर एकंदरीत हवा वाईट, अन्न वाईट, दिवस दुपारीच मावळतो. माझ्यासारखीने इथे राहण्यात अर्थ नाही. वहिनींना नमस्कार. आशीर्वादाची मोठी गरज आहे.

तुमची,
अनुसूया

ता. क. वहिनी, चकलीची भाजणी कुणाबरोबर तरी पाठवा. तिखट वेगळं ठेवा. चकली दुधात भिजवली की दात लागत नाहीत असं आम्हाला आढळलं आहे.

ता. क. २ मार्चमध्ये मिसेस हॉब्जच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पट्टी बरेच दिवस राहणार. मुलाला कॅनडाहून यायला जमत नाही. मेजर माझ्याखेरीज कुणाच्या हातचं खात नाही, आणि पट्टी बांधलेल्या बाईला रेडिओशी एकटं सोडणं मला बरं दिसत नाही.

ता. क. ३ अण्णा, खोली उमाकांतला द्या. स्वल्प दिवसांकरता, दिवाळीपर्यंत. बोटीच्या कचेरीत जाऊन सोमवारीच तिकीट रद्द केलं, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. पहिल्या पानावर ‘मी येते आहे’ लिहिलं तेव्हाही ते खोटंच होतं, पण लिहून बघायला बरं वाटलं. वहिनी, अण्णांची कॉफी पिऊन झाल्याशिवाय हे पत्र त्यांच्या हाती देऊ नका.